पाच नंबरच्या विहिरीचं माप

मौजे सावरटेक, पोस्ट सोनपेठ
सोमवार, २० डिसेंबर १९९३
सकाळी सात वाजता ११ अंश, आभाळ स्वच्छ

श्रीमती सगुणाबाई लिंबाजी यांस,

आश्रुबा मिस्त्रीचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत, तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालतो. तुमच्या वडिलांचा, लिंबाजीचा, उजवा गुडघा दुखायचा, तो आता कसा आहे ते कळवा.

तुमचा पत्ता कुणाकडे मागितला नाही. गेल्या महिन्यात परभणीला विज्ञान प्रदर्शन झालं. तिथे पूर्णेच्या शाळेच्या टेबलामागे तुम्ही उभ्या होतात. मी ओळखलं. तुम्हीही ओळखलं असावं, कारण तुम्ही लगेच शेजारच्या टेबलावरची पवनचक्की बघायला वाकलात आणि मी पुढे जाईपर्यंत, म्हणजे साधारण चार मिनिटं, वाकूनच होतात. ती पवनचक्की चार मिनिटं बघण्यासारखी नव्हती. तिची पाती उलटी बसवलेली होती. शाळेचं नाव पाटीवरून उतरवून घेतलं आणि त्या पत्त्यावर हे पत्र टाकतो आहे.

घरचं सांगायचं तर कस्तुराबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. आमचा वैजीनाथ औरंगाबादला कारखान्यात सुपरवायझर आहे, दोन मुलं आहेत. माझं दुकान तेच. पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. एकतीस वर्षांत भरलेली एकही मोटार परत आलेली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उर्दू दुसरी आणि मराठी चौथी शिकलेल्या माणसाच्या मानाने वाईट नाही.

आपलं मुलांचं विज्ञान मंडळ अजून चालू आहे. दर रविवारी, सकाळी सात ते अकरा. ऐंशी सालापासून एकही रविवार चुकला नाही. आई वारली त्या रविवारीसुद्धा पर्जन्यमापक वाचून मगच मी स्मशानात गेलो. सध्या तेरा मुलं आहेत. सर्व समाजांची मुलं एकाच तरटावर बसतात.

आता कामाचं.

या तेरांत पारू नावाची मुलगी आहे. वय तेरा, सातवीत. आईबाप ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर जे जातात ते चैत्र-वैशाखात येतात. तोवर ही आजीजवळ, धुरपदाबाईजवळ असते. पारूचं अक्षर गचाळ आहे पण नजर पक्की आहे. तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, गाव मारुतीसमोर येऊन बसलं, आणि ही पोरगी उजाडताच पाणी मोजायच्या तारेची फिरकी घेऊन पाच नंबरच्या विहिरीवर गेली. कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या रविवारी पाणी कठड्यावरच्या लाल खुणेपासून ४ मीटर ८५ सेंटिमीटरवर होतं. त्या सकाळी ४ मीटर २० वर आलेलं. पासष्ट सेंटिमीटर चढलं. मधल्या दिवसांत पाऊस पडला तो फक्त अकरा मिलिमीटर. बाकीच्या तेरा विहिरी जागच्या जागी.

पुण्याची एक संस्था दर उन्हाळ्यात ठिकठिकाणच्या मुलांचं विज्ञान शिबिर घेते. तांड्यावरची, पाड्यावरची, झोपडपट्टीतली, खेड्यांतली अशी चाळीस मुलं, सहा आठवडे. त्यांतल्या दहांना ते वसतिगृहात ठेवून दहावीपर्यंत शिकवतात. मी पारूचं हे निरीक्षण पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की काम चांगलं आहे, परंतु पावसाने ही विहीर एरवी किती चढते हे कळल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. याच विहिरीच्या आधीच्या किमान दोन वर्षांच्या मूळ नोंदी ३१ जानेवारीपर्यंत पाठवा.

ही विहीर मधली आठ वर्षं आपण मोजलेली नाही. मोजली ती ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी, आणि त्यानंतर एकदम गेल्या वर्षापासून, कारण आता गावात बोअर झालं आणि त्या विहिरीकडे कुणी बघत नाही. जुन्या दोन वर्षांचं पक्कं रजिस्टर होतं, पण त्याला वाळवी लागली. कच्ची वही तुमच्याकडे आहे. ती रजिस्टर पोस्टाने पाठवावी. आधी प्लॅस्टिकमध्ये, मग खाकी कागदात गुंडाळावी, कोपरे दुमडू नयेत. काम झालं की परत करीन.

घाई का, तेही लिहितो. धुरपदाबाईला मी शिबिराचं सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मिस्त्री, पाणी मोजून पोट भरतंय का पोरीचं? जोडी लागली की कोयता होतोय." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोरीला मुकादम उभं करत नाही. मुलगा बघून ठेवलेला आहे. मी खूप बोललो तेव्हा म्हणाली, "पुण्याहून पत्र आलं तर थांबू. न्हाई आलं तर वैशाखात उरकू."

मागच्या गोष्टींचा विषय या पत्रात मुद्दाम काढलेला नाही. शास्त्राच्या कामाशी त्यांचा संबंध नाही.

कळावे. वहीची वाट पाहतो.

आश्रुबा मिस्त्री

*

सावरटेक
मंगळवार, ४ जानेवारी १९९४
सकाळी सात वाजता ९ अंश, धुकं

सगुणाबाईस,

सोनपेठहून पूर्णेला पत्र जायला तीन दिवस लागतात, फार तर चार. पंधरा दिवस झाले. म्हणजे पत्र पोचलं आहे आणि उत्तर द्यायचं नाही असं तुम्ही ठरवलं आहे. ते तुमच्या हातात आहे. पण पहिल्या पत्रात एक गोष्ट खोटी होती आणि ती तशीच ठेवून दुसरं पत्र लिहिता येत नाही.

रजिस्टरला वाळवी लागलेली नाही. ते लोखंडी पेटीत आहे, कापूर घालून. एकूण एक पान शाबूत.

कस्तुराबाईनं पत्र टाकायच्या आधी वाचून घेतलं होतं पारूकडून. तिला धड दिसत नाही, पण ऐकायला कमी येत नाही. म्हणाली, "वाळवीवर कशाला घालता? गरीब बिचारी मातीत ऱ्हाती. रजिस्टर खाल्लं असंल तर तुमी खाल्लं." मी तिला गप्प बस म्हणालो. ती गप्प बसली, पण तेव्हापासून मी दुकानातून आलो की विचारते, "आज काय खाल्लं वाळवीनं?"

झालं ते असं. पुण्याचं पत्र आल्यावर मी पारूला रजिस्टर काढून दिलं आणि पाच नंबरचे आकडे आलेखावर मांड म्हणालो. मला वाटलं होतं तिच्या लक्षात येणार नाही. अर्ध्या तासात ती पान घेऊन आली. म्हणाली, "मिस्त्री, ह्या विहिरीचं पाणी लय शहाणं व्हतं का? दर रविवारी बरोबर दहा सेंटिमीटर उतरायलंय. न्हाई तर पाच. सात न्हाई, आठ न्हाई, तीन न्हाई. बाकीच्या तेरा विहिरींचं पाणी मातर आपल्यासारखंच येडंवाकडं." आणि हसायला लागली. मी हसलो नाही, तेव्हा थांबली.

तुला 'तुम्ही' लिहिताना पेन अडतो आहे. बारा वर्षांची असताना तू माझ्या दुकानात तारेच्या रिळांवर बसायचीस. राग येत असेल तर येऊ दे, मी 'तू' लिहितो.

तुला आठवत असेल, मी विहिरीचं पाणी मोजायला दोन तारांचं यंत्र केलं होतं. तारांची उघडी टोकं पाण्याला टेकली की सर्किट पुरं होऊन बॅटरीचा बल्ब लागणार. बल्ब काही लागला नाही. मी तीन रविवार जोडण्या तपासत बसलो. मग तूच म्हणालीस, "पाण्यातून एवढा करंट जातच नसंल तर? रेडिओचा कानातला लावून बघावं का? त्याला थोडका बी पुरतो." लावला. तार पाण्याला टेकली आणि कानात खट्ट झालं. त्या दिवशी मी तुला शाबासकी दिली नाही. ठीक आहे, इतकंच म्हणालो. मला स्वतःला सुचायला हवं होतं, याचा राग होता. रात्रभर झोप आली नव्हती, हे आज लिहितो.

त्यातूनच मंडळाचा नियम झाला. खट्ट आवाज फक्त फिरकी धरणाऱ्याला ऐकू येतो, म्हणून जो ऐकेल तोच आकडा लिहील आणि त्याचीच सही. नियम मी केला. भिंतीवर रंगवला. आणि मीच एका विहिरीपुरता मोडला.

पाच नंबर ही गावाची विहीर. तिथे तार सोडायची वैजीनाथनं, आणि आकडा लिहायचा तू, कठड्यापासून लांब उभं राहून. मी तुला कारण सांगितलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस. मी त्याला 'कामाची वाटणी' म्हणालो होतो. चौदापैकी तेरा विहिरींना नियम आहे ना, मग एकीचं काय, असं मी स्वतःला समजावलं होतं. तीनशे वेढ्यांच्या कॉइलमध्ये एक वेढा कमी पडला तर मी ती कॉइल सोडून पुन्हा गुंडाळतो.

वैजीनाथ तिथे बसून बोरं खायचा आणि आकडे ओरडायचा. तार पाण्याला टेकायच्या आधीच. तुला ते कळलं होतं. तुझ्या कच्च्या वहीत पाच नंबरच्या रकान्यात त्याचे आकडे शाईने आहेत आणि त्यांच्या शेजारी दुसरे आकडे पेन्सिलीने. कुणी नसताना, भर दुपारी तू एकटी जाऊन खरं माप घेत होतीस. मला हे माहीत आहे, कारण मी ती वही बघितली होती. पेन्सिलीचे आकडे मी पक्क्या रजिस्टरात उतरवले नाहीत. ते कुठून आले असं कुणी विचारलं असतं तर सांगायला लागलं असतं.

म्हणजे त्या विहिरीची दोन वर्षांची खरी मापं जगात एकाच ठिकाणी आहेत, तुझ्या वहीत, पेन्सिलीने. पेन्सिल पुसट होते. म्हणून लवकर.

पारूनं मला विचारलं, खोटे आकडे पाठवायचे का. मी म्हणालो नाही. ती म्हणाली, "मग माझं कसं होईल?" सत्तावीस दिवस उरलेत.

सगुणा, माझ्यासाठी पाठवू नकोस.

आश्रुबा

*

सावरटेक
बुधवार, १९ जानेवारी १९९४
तापमान आज बघितलं नाही

चि. सगुणा,

तुझं कार्ड काल मिळालं. बारा तारखेचा शिक्का आहे. चौदा तारखेला विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला, तेव्हापासून इकडे एसट्या धड नाहीत. गावात चार दिवस पोलिसांची गाडी उभी होती. टपाल सोनपेठलाच पडून राहिलं. कार्डावर नमस्कार नाही, सही नाही. तीनच ओळी आहेत, आणि अक्षर तेच, उजवीकडे झुकलेलं.

"सोमवार, २१ मे १९८४. विहीर नंबर पाच. त्या दिवशीची मापे माझ्या वहीत नाहीत, ती तुमच्याकडे आहेत. मी बाभळीखालून पाहिले होते. आधी ती पाठवा."

दोन वेळा वाचलं आणि दुकान बंद केलं. ग्राहक बाहेर उभा होता.

मापं खाली देतो. पण तू फक्त मापं मागितलेली नाहीस, एवढं मला कळतं. नोंद करताना यंत्र, जागा, वेळ, निरीक्षकाचं नाव आणि परिस्थिती लिहायची, हे मीच तुम्हाला शिकवलं. तर परिस्थिती लिहितो.

शनिवारी, एकोणीस मेला, संध्याकाळी तू दुकानात आलीस. म्हणालीस, वैजीनाथ न ऐकता आकडे सांगतोय, ते मी लिहू का? मी तेव्हा आर्मेचरवर वाकलेलो होतो. मान वर न करता म्हणालो, "कानानं ऐकल्याशिवाय आकडा लिहायचा न्हाई. लिहिलास तर वही फाडीन." तू म्हणालीस, "मग पाच नंबरला काय करू?" मी ऐकलं. पुन्हा विचारशील म्हणून पंखा चालू केला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तू वैजीनाथला म्हणालीस, टेकायच्या आधीच कसा सांगतोस रे. तो म्हणाला, "मग तूच बघ, शहाणी." फिरकी तुझ्या हातात दिली. तू कठड्याशी जाऊन तार सोडलीस. त्याच वेळी पाण्याला आलेल्या बायकांनी बघितलं.

संध्याकाळी मारुतीपुढे गाव बसलं. लिंबाजीला बोलावलं, तू त्याच्या मागे होतीस. गावचे कारभारी किशनराव मधे बसले होते. ते मला म्हणाले, "मिस्त्री, पाण्यात तार सोडायला तुमी सांगितलं व्हतं का हिला?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मंडळात हाय का ही तुमच्या?"

"न्हाई. पोरांच्या मागं मागं येती."

लिंबाजीनं माझ्याकडे बघितलं. फिरकीचं लाकूड त्यानं तासून दिलं होतं, बाभळीचं, सहा दिवस खपून, मजुरी न घेता. तो एवढंच म्हणाला, "मिस्त्री म्हणत्यात तसंच असंल." आणि गावापुढे हात जोडले. तू हात जोडले नाहीस. वही छातीशी धरून उभी होतीस.

मग ठरलं की विहीर बाटली, ती उपसायची. किशनराव म्हणाले, "मिस्त्री, मोटार तुमचीच लागंल." दुसरा कुणी नव्हता असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलो. होता. सोनपेठला दोघं होते. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणालो असतो तर मघाचं 'न्हाई' खोटं आहे हे सगळ्यांना कळलं असतं.

यंत्र: पाच हॉर्सपॉवरची मोटार, माझी. जागा: विहीर पाच. सुरुवातीचं पाणी खुणेपासून १० मीटर ९५ वर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोटार चालू. सात पस्तीसला तळ लागला. साधारण पस्तीस हजार लिटर. पाइप ओढ्यात सोडला होता. गावाबाहेरच्या तुमच्या वाड्यातला आड त्या वर्षी मार्चातच आटला होता. तुझ्या आईनं ओढ्यात फडकं धरून ते पाणी गाळलं आणि दोन घागरी भरल्या. मी काठावरून बघितलं. मोटार बंद केली नाही.

तळ लागल्यावर गाव घरी गेलं. मीही जायला पाहिजे होतं. पण रिकामी विहीर पुन्हा कशी भरते हे मी कधी बघितलं नव्हतं, आणि अशी संधी पुन्हा आली नसती. मी फिरकी घेतली. दर अर्ध्या तासाने मोजलं. आठ पाचला ६ सेंटिमीटर. आठ पस्तीसला ११. नऊ पाचला १६. अशी संध्याकाळी सहा पस्तीसपर्यंत बावीस मापं, शेवटचं ७४. सगळी स्वतंत्र कागदावर सोबत जोडली आहेत. दुपारचं जेवण कस्तुराबाईनं तिथेच पाठवलं होतं. मला त्या दिवशी आनंद झाला होता. हे लिहायला सगळ्यांत जड गेलं. आलेख इतका सुंदर आला होता.

तुम्ही त्याच आठवड्यात पूर्णेला काकांकडे निघून गेलात. लिंबाजी सांगायला आला नाही, आणि मीही आलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो आलेख वैजीनाथच्या नावाने जिल्ह्याच्या प्रदर्शनात ठेवला. परीक्षकांनी विचारलं, विहीर रिकामी कशी केली. मी शिकवून ठेवलं होतं तसं तो म्हणाला, "गाळ काढायला." पहिला नंबर आला. त्या प्रमाणपत्रावर त्याला तंत्रशाळेत जागा मिळाली, पुढची नोकरीही त्यातूनच. यंत्राची कल्पना कुणाची असंही विचारलं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी म्हणालो, माझी. मग घरी येऊन रजिस्टरातल्या प्रत्येक पानावरची तुझी सही ब्लेडनं खरवडली. खोडायचं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, खरवडायचं नाही, हाही नियम माझाच.

पहिल्या पत्रात लिहिलं की मंडळात सर्व समाजांची मुलं आहेत. पुण्याच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. दोन तांड्यावरची आहेत, एक शेख आहे, चार ऊसतोडीवाल्यांची, बाकी शेतकऱ्यांची. तुमच्या वाड्यातून चौऱ्याऐंशीच्या मेपासून एकही मूल आलेलं नाही. शून्य. दर रविवारी मी हजेरी घेतो आणि हे माप कधी लिहून ठेवलं नाही.

काल रात्री पुण्याला पत्र लिहिलं. पाच नंबरच्या जुन्या नोंदी खोट्या आहेत, सह्या खरवडलेल्या आहेत, यंत्र सगुणा लिंबाजी हिच्या कल्पनेतून झालेलं आहे, आणि या कशातही पारूचा दोष नाही, तिची मापं तिने स्वतः ऐकलेली आहेत. फॉर्मवरचं 'सर्व समाजांची' हे एक रेघ मारून दुरुस्त केलं. आज सकाळी ते टाकलं. वैजीनाथला सोनपेठहून फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दहा वर्षांनी? बाबा, माझ्या पोरांना काय सांगू?" मी म्हणालो, गाळ काढला म्हणून सांग. फोन त्याने ठेवला. मी बोललो ते वाईट होतं. जे त्याच्या तोंडी मी घातलं त्याचाच टोमणा मी त्याला मारला.

आता संस्था पारूला ठेवेल की नाही, मला माहीत नाही. आपणच खोटं म्हणून कळवलेल्या रजिस्टरावर कोण विश्वास ठेवतं? तुझ्या वहीशिवाय तिचं काही खरं नाही. वहीसाठी हे लिहीत नाही, असं लिहिणार होतो. वाक्य खोडलं, वर रेघ दिसते आहे. वहीसाठीच लिहितो आहे. वही नको असती तर कदाचित मेलो तरी लिहिलं नसतं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बारा दिवस उरलेत आणि एसट्यांचा भरवसा नाही. धुरपदाबाई आणि पारू उद्या सकाळी परभणीपर्यंत मालाच्या टेम्पोतून येतील आणि तिथून रेल्वेने पूर्णेला. धुरपदाबाईला मी सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून म्हणेल की मोडलं, आता वैशाखात उरकू. ती सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "ती बाई वही देईल का न देईल, पर पोरीला डोळ्यानं बघू तर दे, शिकलेली बाई कशी दिसती ते." मी येत नाही. मी आलो तर तुला पुन्हा चार मिनिटं वाकून उभं राहावं लागेल.

पारूजवळ फिरकी दिली आहे. ती लिंबाजीच्या हातची आहे, त्याला परत द्यावी. कानातला बदललेला नाही, तोच आहे, पिवळा पडलाय पण खट्ट स्वच्छ ऐकू येतं. मापं पारूला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. वही देणं न देणं तुझ्याकडे. दिलीस तर पेन्सिलीच्या आकड्यांपुढे तुझी सही तू तुझ्या हाताने कर. माझ्याकडून त्या रकान्यात पुन्हा काही लिहिलं जाणार नाही.

पारू तुला 'मॅडम' म्हणेल. मी तिला सांगितलं आहे, "मंडळातली तुझ्या आधीची मोठी आहे ती, ताई म्हण." ती म्हणाली, "त्यांना चालंल का?" याचं उत्तर तू दे.

नोंद पुरी करतो.

२१ मे १९८४, विहीर पाच, बावीस मापं. खट्ट कुणी ऐकलं: मी. आदल्या शनिवारी तू विचारलेलं कुणी ऐकलं: मी.

जो ऐकेल त्याची सही.

आश्रुबा